उपरोध सिद्ध करण्याची कृती

उपरोध कळला असे वाटणे सोपे असते, तो दुसऱ्याला पटवून देणे अवघड. मराठीच्या बी.ए., एम.ए.च्या निबंधांत ‘येथे लेखकाने प्रभावी उपरोध साधला आहे’ हे वाक्य हमखास भेटते आणि परिच्छेद तिथेच संपतो. कशावरून साधला, कोणावर साधला, वाचकाला तो कुठल्या शब्दापाशी जाणवला, याबद्दल पुढे अक्षर नसते. वाचणाऱ्याने फक्त मान डोलवायची. संशोधन म्हणून हे चालत नाही. पुढची कृती त्यासाठी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी राहून, दोन पुस्तके, दोन वह्या, काही चिठ्ठ्या आणि एका सत्राचा वेळ एवढ्यावर ती पूर्ण होते.

हत्यारे घ्यायची आहेत ती वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाकडून. बूथ (१९२१–२००५) शिकागो विद्यापीठात शिकवत. त्यांची तीन पुस्तके आपल्या कामाची. ‘द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन’ (१९६१) लेखक, निवेदक आणि वाचक यांचे नाते उलगडते. ‘अ ऱ्हेटरिक ऑफ आयरनी’ (१९७४) उपरोधाचा अर्थ वाचक कोणत्या पायऱ्यांनी लावतो ते दाखवते. ‘द क्राफ्ट ऑफ रिसर्च’ (१९९५) त्यांनी ग्रेगरी कोलम आणि जोसेफ विल्यम्स यांच्याबरोबर लिहिले. प्रश्न कसा घडवावा आणि दाव्याला पुरावा कसा जोडावा याचे ते पुस्तक. मला या तिन्हींत एकच आग्रह दिसतो : आपल्या मनात अर्थ कसा तयार झाला, ते वाचकापुढे उघडे करून दाखवा, म्हणजे त्याला तो तपासता येईल.

अभ्यासाचे पुस्तक मात्र आपल्या वऱ्हाडातले घ्यायचे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरात जन्मले, खामगाव आणि जळगाव-जामोदला त्यांनी वकिली केली. नाटककार, समीक्षक आणि आधुनिक मराठी विनोदाचे प्रवर्तक अशी त्यांची ओळख. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. ‘साक्षीदार’ हा त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात आला, आणि पुढे ‘सुदाम्याचे पोहे’ हा लेखसंग्रह घडत गेला. आपले पुस्तक तेच. कोल्हटकरांचे निधन १९३४ साली झाले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे हे लेखन आज सर्वांसाठी खुले आहे.

पहिली पायरी : कानापासून सुरुवात

पुस्तक लगेच उघडू नका. पहिले दोन आठवडे फक्त ऐका. बाजार समितीचे आवार, एस.टी.चा थांबा, चहाची टपरी, लग्नाची पंगत, कुठेही. एका वहीत ऐकलेली उपरोधिक वाक्ये लिहा. समजा, कापूस विकून आलेला एक माणूस दुसऱ्याला म्हणतो, “यंदा असा भाव भेटला का आता मीच सावकाराले कर्ज देतो.”

वाक्य टिपले की त्याखाली पाच गोष्टी नोंदवा : तारीख, जागा, बोलणारा आणि ऐकणारा यांचे नाते, ऐकणाऱ्याने काय केले, आणि त्यानंतर लगेच काय बोलले गेले. नाव लिहू नका. कोणाचे बोलणे सविस्तर टिपायचे असेल तर आधी सांगा, विचारा, आणि नको म्हटले तर वही बंद करा. बाकीच्या नोंदी मात्र टाळू नका. हसणे, मान हलवणे, ‘हो ना बाप्पा’ म्हणून सुस्कारा टाकणे, हा सगळा पुरावा आहे. ऐकणाऱ्याने वाक्य कसे घेतले ते त्यातून कळते.

आता बूथ यांच्या चार पायऱ्या या वाक्यावर चालवा. पहिली : शब्दशः अर्थ टिकतो का? कापूस विकल्या विकल्या सावकाराला कर्ज देण्याइतका पैसा हाती येत नाही, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक आहे. शब्दशः अर्थ सोडावा लागतो. दुसरी : मग दुसरे कोणते अर्थ शक्य आहेत? तो खोटी बढाई मारतो आहे, दुसऱ्या कोणाचे वाक्य नक्कल करून म्हणतो आहे, त्याला भाव नीट कळलेलाच नाही, किंवा तो उलटे बोलतो आहे. हे सगळे पर्याय लिहून काढा. विद्यार्थी इथे घाई करतात. चौथा पर्याय आधीच ठरवलेला असतो आणि बाकीचे तीन वहीत उतरतच नाहीत. तिसरी : बोलणाऱ्याला काय ठाऊक आहे, तो काय मानतो, याचा निर्णय. पावती त्याच्या खिशात आहे, म्हणजे भाव त्याला नीट माहीत आहे. चौथी : या निर्णयाशी जुळणारा नवा अर्थ. भाव इतका कमी मिळाला की जुने कर्जही फिटणार नाही. रोखही तपासा : तो सावकारावर आहे की भाव पाडणाऱ्या व्यवस्थेवर? माझ्या मते इथे सावकार नुसता नावापुरता आला आहे. टोला भावाला आहे.

तारीख का लिहायची ते आता पाहा. २०२१-२२च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता आणि २०२२च्या सुरुवातीला विदर्भाच्या बाजारांत भाव दहा हजारांच्या वर गेला. त्या दिवसांत हेच वाक्य कोणी म्हटले असते तर ती आनंदाची अतिशयोक्ती ठरली असती. शब्द तेच, माणूस तोच, पण उपरोध नाही. शब्द आणि परिस्थिती यांत बोलणारा मुद्दाम ठेवतो ते अंतर म्हणजे उपरोध. ते मोजायला परिस्थिती ठाऊक हवी, म्हणून नोंद हवी. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत हीच गोष्ट शंभर पटींनी खरी आहे.

घाटंजी तालुक्यात कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी घरे आहेत. तुमच्या घरात यांपैकी एखादी भाषा असेल तर तिच्यातली वाक्ये आधी टिपा आणि मराठी अर्थ शेजारी लिहा. मूळ वाक्य सोडून नुसता अर्थ लिहिला तर पुढे तपासायला काही उरत नाही.

दुसरी पायरी : आवृत्ती ठरवणे

‘सुदाम्याचे पोहे’ १९१० साली ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ या उपशीर्षकाने निघाले, तेव्हा त्यात अठरा लेख होते. १९२३ साली ‘साहित्यबत्तिशी’ म्हणून वाढीव पुस्तक आले, त्यात बत्तीस. तुमच्या हातातली प्रत कोणती, हे पहिल्याच पानावर लिहा. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नसेल तर यवतमाळच्या जिल्हा ग्रंथालयात चौकशी करा. १९२३ साली अमरावतीत स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे नागपूरचे ग्रंथालयही आहे. इंटरनेटवरची प्रत वापरली तर तिच्या मुखपृष्ठाचा आणि प्रकाशनवर्षाच्या पानाचा फोटो ठेवा. टंकित मजकुरात चुका असतात. उपरोध एखाद्या प्रत्ययावरही उभा असतो, म्हणून जिथे शंका येईल तिथे छापील पान पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळे लेख वाचा, पण अभ्यासाला तीनच निवडा.

तिसरी पायरी : तीन माणसे वेगळी करणे

या लेखांत ‘मी’ म्हणून बोलणारा सुदामा आहे. बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्याचे सोबती. तिघेही जुन्या चालीरीतींची बाजू इतक्या उत्साहाने घेतात की त्या चालींचा पोकळपणा आपोआप उघडा पडतो. नवखा वाचक सुदामाचे म्हणणे कोल्हटकरांच्या नावावर जमा करतो आणि निबंध तिथेच फसतो.

वहीच्या पानाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात सुदामा, म्हणजे निवेदक : तो काय म्हणतो, काय लपवतो, काय त्याच्या लक्षातच येत नाही. तिसऱ्यात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे प्रत्यक्ष गृहस्थ : वकील, नाटककार, त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा, इतर लेखन. मधला भाग सगळ्यात मोलाचा. पुस्तक वाचताना त्याच्यामागे उभी असलेली जी लेखकव्यक्ती जाणवते, तिची मूल्ये, तिची आवडनिवड, तिचा राग, ते तिथे लिहा. मराठी समीक्षा हिला ‘गर्भित लेखक’ म्हणते. बूथ यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली, आणि ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही अशा निवेदकाची कल्पनाही त्याच पुस्तकातली. सुदामा आणि गर्भित लेखक यांच्यात जेवढे अंतर, तेवढी उपरोधाला जागा.

मधला भाग भरताना प्रत्येक विधानाला पुस्तकातली जागा दाखवा. चरित्रातून उचललेले काही तिथे टाकू नका.

चौथी पायरी : प्रश्न घडवणे

‘मराठी विनोदी वाङ्मयातील उपरोध : एक अभ्यास’ असले शीर्षक घेऊ नका. तो विषय आहे, प्रश्न नाही, आणि इतका मोठा की त्यात कोणाचेही काहीही बसेल. ‘द क्राफ्ट ऑफ रिसर्च’मधली तीन पायऱ्यांची रीत वापरा. एकच वाक्य तीन तुकड्यांत पुरे करायचे : मी कशाचा अभ्यास करतो आहे, मला काय शोधायचे आहे, आणि ते कळल्याने वाचकाला आणखी कोणती मोठी गोष्ट समजेल.

उदाहरणार्थ : मी ‘सुदाम्याचे पोहे’मधल्या तीन लेखांतले निवेदन अभ्यासतो आहे, कारण सुदामाचे कोणते विधान उलटे घ्यायचे हे वाचकाला कशावरून कळते ते मला शोधायचे आहे, म्हणजे वाचकाच्या श्रद्धेला हात घालणाऱ्या लेखकाने शतकापूर्वी मराठीत वाचक कसा राखला हे समजेल.

तिसरा तुकडा सुचत नसेल तर अडून बसू नका, पण जागा रिकामी आहे हे वहीत दिसू द्या. तो सापडेपर्यंत लेखनाला बसायचे नाही. हा तुकडा नसलेले कितीतरी प्रबंध कपाटांत पडून आहेत, आणि त्यांत मेहनत कमी नव्हती.

पाचवी पायरी : चिठ्ठ्या

पोस्टकार्डाएवढे जाड कागद कापा. एका चिठ्ठीवर एकच जागा. वर आवृत्ती आणि पृष्ठांक. मूळ शब्द अवतरणचिन्हांत, तुमच्या शब्दांतला सारांश वेगळ्या शाईत, आणि तुमचे मत मागच्या बाजूला. हे तीन एकमेकांत मिसळले की दोन महिन्यांनी कोणते वाक्य कोणाचे ते तुम्हालाही सांगता येत नाही. अजाणता वाङ्मयचौर्य होते ते असेच.

प्रत्येक चिठ्ठीवर ‘खूण’ अशी एक ओळ असू द्या. उपरोधाच्या खुणा बूथ यांनी पाच प्रकारांत मांडल्या आहेत. लेखकाने स्वतःच्या आवाजात दिलेला इशारा, जसे शीर्षक किंवा प्रस्तावना. सर्वांना चूक ठाऊक असलेली गोष्ट निवेदकाने ठासून सांगणे. एकाच लेखात आधीचे आणि नंतरचे सांगणे न जुळणे. शैलीचा अकारण बदल, म्हणजे क्षुल्लक गोष्टीसाठी एकदम भारदस्त संस्कृतप्रचुर भाषा. आणि लेखकाची म्हणून जाणवणारी मते व समोरचे विधान यांतला विरोध. चिठ्ठीवर यांपैकी कोणती खूण, ते लिहा. एकही सापडत नसेल तर ती चिठ्ठी कापसाच्या वेचणीत कवडी बाजूला काढतात तशी वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. फेकू नका; सातव्या पायरीला लागेल.

कोल्हटकरांच्या बाबतीत एक फार चांगला बाहेरचा पुरावा उपलब्ध आहे. त्यांचा गणिती ज्योतिषाचा अभ्यास होता आणि ज्योतिर्गणितावर त्यांनी ग्रंथही लिहिला. आता समजा, सुदामा किंवा त्याचा एखादा सोबती ग्रहांविषयी किंवा मुहूर्ताविषयी ढळढळीत चुकीचे काही आत्मविश्वासाने बोलतो. ही चूक लेखकाची असेल का? ग्रहगणित जाणणाऱ्या माणसाच्या हातून ती सहज व्हावी हे संभवत नाही. बूथ यांची तिसरी पायरी, लेखकाला काय ठाऊक होते याचा निर्णय, इथे अंदाजावर राहत नाही. अशा दोन-तीन चिठ्ठ्या हाती आल्या तर त्या तुमच्या लेखाच्या मध्यभागी ठेवा.

सहावी पायरी : शेजारी दुसरे पुस्तक ठेवणे

एकाच पुस्तकात बसून राहिले की त्याची प्रत्येक तऱ्हा स्वाभाविक वाटू लागते. तुलनेला महात्मा फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे १८५५ सालचे नाटक घ्या. ग्रहांची भीती घालून एका कुणबी जोडप्याला जोशी लुबाडतो, असे त्याचे कथानक. फुल्यांनी त्यात विदूषक आणला आहे. जोशाचे बोलणे झाले की विदूषक त्यातला कावा प्रेक्षकांना उघड करून सांगतो. कोल्हटकर असा माणूस ठेवत नाहीत. सुदामाला दुरुस्त करणारा लेखात कोणी नाही, ते काम वाचकाचे.

इथे तपासण्याजोगा दावा तयार होतो : ज्यांना शिक्षणापासून दूर ठेवले गेले त्यांच्यासाठी लिहिणारे फुले अर्थ उघड करण्याची जबाबदारी स्वतः घेतात, आणि मासिक वाचणाऱ्या शिक्षितांसाठी लिहिणारे कोल्हटकर ती वाचकावर टाकतात. मला हा दावा जोरदार वाटतो. पण तो तुम्ही मानून चालू नका. तुमच्या चिठ्ठ्यांत सुदामाला कोणी टोकणारे प्रसंग निघाले तर दावा बदलावा लागेल, आणि तो बदललात तर तुमचा लेख अधिक चांगला होईल.

सातवी पायरी : विरोधकाला बसायला जागा

संशोधनलेखाचे पाच भाग : दावा, कारणे, पुरावा, आक्षेपांची दखल, आणि कारणातून दावा का निघतो हे सांगणारे तत्त्व. आपल्याकडे चौथा भाग जवळजवळ नसतोच. आक्षेप मांडला की आपली बाजू लंगडी दिसेल ही भीती असते. खरे तर वाचकाच्या मनात तो आक्षेप आलेलाच असतो. तुम्ही गप्प राहिलात की त्याचा विश्वास उडतो.

वेगळ्या गठ्ठ्यात ठेवलेल्या चिठ्ठ्या आता काढा. सुदामा काही ठिकाणी सरळच बोलत असेल, कोल्हटकरांचे स्वतःचे मत त्याच्या तोंडून येत असेल. मग सरळ आणि उलटे यांतली सीमा कुठे? पुस्तक न वाचलेल्या एखाद्या मैत्रिणीला ते उतारे द्या. तुमचा अर्थ आधी सांगू नका. तिला काय वाटले ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवा. जुने सण आणि मुहूर्त मनापासून पाळणाऱ्या आजीला सुदामाचे म्हणणे पटले, तर तीही नोंद. तिला उपरोध ‘कळला नाही’ असे लिहून मोकळे होऊ नका. कोणत्या माहितीच्या किंवा श्रद्धेच्या आधारावर तिने तो अर्थ लावला हे शोधा. उपरोध वाचकांची विभागणी करतो, आणि ती कुठे झाली हे सांगणे तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याचे आहे.

आठवी पायरी : लिहिणे

आता बसा. पंधराशे ते दोन हजार शब्द पुरतात. पहिल्या पानावर प्रश्न आणि दावा. मग तीन लेखांतली तीन ठिकाणे, प्रत्येकी चार पायऱ्यांनी उलगडलेली : शब्दशः अर्थ का टिकत नाही, पर्याय कोणते, लेखकाविषयी निर्णय कशावरून, शेवटी अर्थ काय. त्यातले एक ठिकाण मोठे करा, बाकीची आटोपशीर ठेवा. त्यानंतर फुल्यांशी तुलना, मग आक्षेप. बाजारात टिपलेली वाक्ये ज्या एका मुद्द्याला मदत करतात तिथेच आणा.

‘प्रभावी’, ‘मार्मिक’, ‘समर्थपणे’, ‘यशस्वी ठरला आहे’ ही विशेषणे पहिल्या खर्ड्यात आली तर येऊ द्या, दुसऱ्यात प्रत्येकावर काट मारा आणि त्या जागी पुरावा घाला. पुरावा नसेल तर वाक्यच काढा. तयार लेख मोठ्याने वाचा. श्वास अडला तिथे वाक्य तोडा.

संशोधन मोठ्या शहरातच होते हा समज आपल्या जिल्ह्यात तरी टिकू नये. यवतमाळला राहून य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या हस्तलिखितांचा अभ्यास केला, आणि त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा फोटोप्रत नव्हती, इंटरनेट नव्हते.

लेख महाविद्यालयाच्या वार्षिकांकाला द्या, नंतर एखाद्या वाङ्मयीन नियतकालिकाकडे पाठवा. ऐकलेल्या वाक्यांची वही मात्र लेख छापून झाला म्हणून टाकू नका. नावे नसलेली, तारखा असलेली तिची एक स्वच्छ प्रत करून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवा. पुढच्या वर्षी हाच विषय घेणाऱ्याला ती लागेल.